गवत कापण्याचे पेट्रोल यंत्र : घेताना काय पाहावे?

पावसाळा सरला की तलासरी, डहाणू आणि उंबरगावच्या पट्ट्यात सर्वत्र गवतच गवत दिसते. माळावर, शेताच्या बांधावर, चिकूच्या वाडीत, कारखान्याच्या कुंपणाला आणि शाळेच्या पटांगणातही. कोणाला हे गवत विकायचे असते, तर कोणाला ते नुसते नको असते. कापणारी माणसे मात्र पूर्वीसारखी मिळत नाहीत. सकाळी महामार्गावर उभे राहिले तर जीप आणि टेम्पो भरभरून मजूर वापी, भिलाड, उंबरगावच्या कारखान्यांकडे निघालेले दिसतात. त्यामुळे गेल्या काही वर्षांत पेट्रोलवर चालणारे, खांद्याला अडकवून वापरायचे गवत कापण्याचे यंत्र गावोगाव पोहोचले आहे. दुकानदार त्याला ब्रश कटर म्हणतात, गिऱ्हाईक नुसते ‘गवताची मशीन’ म्हणते.

आपल्या वाचकांपैकी अनेकांचा या यंत्राशी कोणत्या ना कोणत्या नात्याने संबंध येतो. कोणी हार्डवेअरच्या दुकानात ते विकतो, कोणी गॅरेजमध्ये दुरुस्त करतो, कोणी पात्यांना धार लावतो, कोणाची स्वतःची वाडी आहे, तर कोणी भाड्याने यंत्र फिरवून रोजी मिळवण्याचा विचार करीत आहे. चुकीचे यंत्र घेतले तर पंचवीस-तीस हजार रुपये पडवीत गंजत पडतात आणि बरोबर घेतले तर चार वर्षे घरात पैसा येतो. म्हणून या विषयाची थोडी तपशिलात माहिती घेऊ.

झरीचे गवत

या यंत्राची चर्चा झरीपासून सुरू करण्यास कारण आहे. झरी हे तलासरी तालुक्यातील, गुजरातच्या हद्दीजवळचे गाव. आज ते पालघर जिल्ह्यात आहे. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्या काळी हा भाग ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होता. येथील माळावरचे गवत कापून, वाळवून, दाबून त्याच्या गासड्या बांधल्या जात आणि त्या मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना होत. गवत हा येथील मोठा व्यापार होता. व्यापार जमीनदारांचा आणि सावकारांचा, कापणारे हात मात्र वारली आदिवासींचे.

२३ मे १९४५ रोजी याच झरी गावात सुमारे पाच हजार वारली जमले. किसान सभेच्या गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने ही सभा भरली होती. वेठबिगार करायची नाही आणि दिवसाला बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचे नाही, असा निर्णय तेथे झाला. पुढे ऑक्टोबरमध्ये गवतकापणीचा हंगाम आला, तेव्हा ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये दर मिळावा, या मागणीसाठी संप झाला. ५०० पौंड म्हणजे सुमारे २२७ किलो. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ही सारी हकीकत आहे. पुस्तक १९७० साली निघाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

व्यापाराच्या पानावर हा इतिहास कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. गवत कापण्याचा दर हा येथे कधीच किरकोळ प्रश्न नव्हता. आज यंत्र घेणारा मनुष्य हा दर नव्याने ठरवीत असतो. गिऱ्हाइकाकडून किती घ्यायचे, यंत्र चालवणाऱ्याला किती द्यायचे आणि मागून गवत गोळा करणाऱ्या बायामाणसांना किती द्यायचे, हा हिशेब यंत्राच्या किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. त्याकडे आपण शेवटी वळू.

यंत्र आले कोठून?

दोरीने गवत कापण्याची कल्पना अमेरिकेतील ह्युस्टन शहराचे जॉर्ज बॅलस यांची. १९७१ साली मोटार धुण्याच्या केंद्रात गरगर फिरणारे ब्रश पाहून त्यांना ती सुचली. फिरत्या ब्रशाचे केस मोटारीच्या प्रत्येक खाचेत जातात, पण रंगाला इजा करीत नाहीत. त्यांनी मक्याच्या लाह्यांचा रिकामा डबा घेतला, त्याला भोके पाडून मासे पकडण्याची दोरी ओवली आणि तो फिरवून झाडाच्या बुंध्याजवळचे गवत कापून पाहिले. ‘विड ईटर’ या नावाने ते यंत्र खपले आणि १९७७ साली बॅलस यांनी आपली कंपनी एका मोठ्या उद्योगाला विकली. पुढे दोरीच्या जागी पाते लावता येईल अशी जड यंत्रे निघाली. आपल्याकडे जी मिळतात त्यांत दोरी आणि पाते दोन्ही लावता येतात.

पहिला प्रश्न : कापायचे काय आहे?

बहुतेक गिऱ्हाइके दुकानात शिरताच ‘किती सी.सी.ची आहे?’ असे विचारतात. खरे पाहता पहिला प्रश्न ‘मला कापायचे काय आहे?’ हा असावा. आपल्या भागात कामाचे साधारण चार प्रकार आहेत.

घराभोवतीचे अंगण, मशिदीचे किंवा शाळेचे आवार, कब्रस्तानातील वाटा, अशा ठिकाणी कोवळे, गुडघ्याच्या आतले गवत असते. त्याला २५ सी.सी.च्या आसपासचे हलके यंत्र आणि नायलॉनची दोरी पुरते. दगड, भिंत किंवा कुंपण यांच्या अगदी जवळ पाते चालवता येत नाही, दोरी चालते.

चिकूच्या किंवा आंब्याच्या वाडीत वाढलेले तण आणि जाड काड्या असतात. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा या वाड्यांची किंमत वेगळी सांगायला नको. तेथे ३१ ते ३६ सी.सी.चे यंत्र आणि तीन दात्यांचे पाते हे सर्वसाधारण उत्तर आहे. मात्र एक सावधगिरी हवी. कोवळ्या कलमाच्या बुंध्याला दोरी लागली तरी साल सोलून निघते. साल चारी बाजूंनी निघाली तर झाड वाळते. दोरी मऊ आहे म्हणून झाडाला काही होत नाही, ही समजूत चुकीची आहे. बुंध्याभोवती हातभर जागा विळ्याने साफ करावी आणि यंत्र त्याच्या बाहेर फिरवावे.

तिसरा प्रकार घाणेरीसारख्या झुडपांचा. तेथे ४० सी.सी. किंवा त्याहून मोठे यंत्र आणि जाड झुडपासाठी बनवलेले पाते लागते.

चौथा प्रकार आपल्या भागाचा खास, म्हणजे विकण्याचे किंवा गुरांना घालण्याचे गवत. येथे दोरी अजिबात वापरू नये. दोरीने गवत कापले जात नाही, फाटते. त्याचे तुकडे होतात, पेंढी बांधता येत नाही आणि व्यापारी ते घेत नाही. शिवाय झिजलेल्या नायलॉनचे बारीक तुकडे वैरणीत मिसळून गुरांच्या पोटात जातात. वैरणीसाठी पातेच हवे. पाते चांगले असेल आणि हात बसलेला असेल तर कापलेले गवत एका बाजूला ओळीने पडते व गोळा करणे सोपे जाते.

दोन स्ट्रोक की चार स्ट्रोक?

दोन स्ट्रोकचे इंजिन वजनाला हलके, रचनेला साधे आणि किमतीला कमी. आपल्या मेकॅनिक मंडळींचा जुन्या स्कूटरपासून त्यावर हात बसलेला आहे. त्यात पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. कंपनीने सांगितलेले चांगल्या प्रतीचे तेल असेल तर बहुतेक यंत्रांना ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल, म्हणजे एक लिटरला २० मिलिलिटर. साध्या तेलासाठी किंवा स्वस्त यंत्रासाठी अनेकदा २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर सांगितलेले असते. हे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत पाहावे, दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नये. तेल कमी पडले तर पिस्टन जाम होतो. ‘थोडे जास्त टाकले तर बरे’ म्हणून तेल वाढवले तर धूर होतो, प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरची जाळी बुजते. मिश्रण वेगळ्या डब्यात मापून करावे. टाकीत आधी पेट्रोल आणि वरून अंदाजाने तेल, ही पद्धत यंत्र मारते.

चार स्ट्रोकच्या इंजिनात तेल वेगळे असते, पेट्रोल निर्भेळ घालायचे. आवाज आणि धूर कमी, पेट्रोलही कमी लागते. होंडाचे जीएक्स ३५ हे या वर्गातील सर्वत्र दिसणारे इंजिन ३५.८ सी.सी.चे आहे. त्याच्या टाकीत ०.६३ लिटर पेट्रोल आणि तेलाच्या खोबणीत जेमतेम १०० मिलिलिटर तेल मावते. इतके थोडे तेल असल्यामुळे ते रोज काम सुरू करण्यापूर्वी पाहावेच लागते. ज्याला ही सवय नाही त्याच्या हाती चार स्ट्रोकचे महागडे यंत्र देणे धोक्याचे.

थोडक्यात, वर्षातून आठ-दहा दिवस घरचे काम करणाऱ्याला दोन स्ट्रोक पुरते. रोज पाच तास भाड्याने चालवणाऱ्याला चार स्ट्रोकची जास्तीची किंमत पेट्रोलमधून आणि कमी दुरुस्तीतून परत मिळते.

सी.सी. आणि ताकद या दोन गोष्टी एक नव्हेत, हेही लक्षात ठेवावे. खोक्यावर ५२ लिहिलेले स्वस्त यंत्र ३५ सी.सी.च्या चांगल्या यंत्रापेक्षा जास्त काम करील, असे मुळीच नाही. पुस्तिकेत अश्वशक्ती किंवा किलोवॅट किती दिले आहेत ते पाहावे.

माझ्या मामूंची गोष्ट

माझ्या मामूंनी काही वर्षांपूर्वी वाडीसाठी असेच एक यंत्र आणले. कोणी मोठ्या शहरातून स्वस्तात मिळवून दिले होते. मी पाहायला गेलो तर मामू खुशीत होते. म्हणाले, “अरे, ल्यूनाएवढं इंजिन आहे, आणि किंमत बघ! निम्म्याहून कमी.” पहिला पावसाळा ठीक गेला. दुसऱ्या वर्षी पात्याकडची गिअरपेटी घासू लागली. ती घेऊन मामू तीन गावे फिरले. कोणाकडचा सुटा भाग बसेना. नळीची जाडी वेगळी, आतल्या दांड्याचे दाते वेगळे. विकणाऱ्याने तो माल आणणे बंद केले होते.

शेवटी गॅरेजवाल्या उस्तादांनी हात टेकले. म्हणाले, “मामू, मशीन वाईट नाही. तिला माय-बाप नाही.”

ते यंत्र आजही वाडीच्या कोठीत टांगलेले आहे. उस्तादांचे ते वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक खरेदीला लावून पाहतो. यंत्र घेण्यापूर्वी पाच सुट्या भागांची चौकशी करावी : कार्बोरेटरचा पडदा, दोरी ओढून चालू करण्याची चकती, क्लच, गिअरपेटी आणि हवेची जाळी. हे पाच भाग आपल्या बाजारात किंवा एका दिवसाच्या अंतरावर, म्हणजे डहाणू, पालघर, वापीत मिळतात का? मिळत नसतील तर निम्मी किंमतही महाग आहे. नळी २६ की २८ मिलिमीटरची आणि आतल्या दांड्याला किती दाते, हे वहीत लिहून ठेवावे. सुटा भाग घेताना ते उपयोगी पडते.

पेट्रोलची नवी अडचण

२०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर सर्रास झाले. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. मोटारसायकल रोज चालते, तिची टाकी रिकामी होत राहते. गवताचे यंत्र मात्र हंगाम संपला की सहा-सहा महिने पडून असते. आत राहिलेल्या पेट्रोलमध्ये पाणी जमते, कार्बोरेटरमध्ये राप बसतो आणि जुन्या धाटणीचे रबरी पडदे व नळ्या फुगतात किंवा ताठरतात. पावसाळ्याच्या तोंडाला ‘यंत्र चालू होत नाही’ म्हणून दुरुस्तीला आलेल्या यंत्रात पहिला संशय या शिळ्या पेट्रोलवर घ्यावा.

उपाय बिनखर्चाचा आहे. हंगामाच्या शेवटी टाकी रिकामी करावी आणि यंत्र चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. पेट्रोल दोन-तीन आठवड्यांपुरतेच आणावे. नवीन यंत्र घेताना ते २० टक्के इथेनॉलला चालते का, हे पुस्तिकेत पाहावे.

पाते : लोहारकाम करणाऱ्यांसाठी

यंत्राइतकेच पात्याकडे लक्ष हवे. बहुतेक पात्यांचे मधले भोक २५.४ मिलिमीटरचे, म्हणजे एक इंचाचे असते. दोन किंवा तीन दात्यांचे पाते गवताला, आठ दात्यांचे जाड काड्यांना आणि ४० किंवा ८० दात्यांचे कार्बाइड टोकाचे पाते भात व बारीक झुडपांना वापरतात. पात्यावर जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा कोरलेला असतो. तो यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असला पाहिजे.

साध्या पात्याला कानस मारून धार लावता येते. पण सर्व दात्यांना सारख्या कानशी मारल्या पाहिजेत. एका दात्याचे लोखंड जास्त निघाले तर पाते लंगडे फिरते, हाताला मुंग्या येतात आणि गिअरपेटीचे बेअरिंग जाते. धार लावल्यावर पाते खिळ्यावर अडकवून पाहावे, एकच बाजू सतत खाली येत असेल तर तोल बिघडला आहे. कार्बाइडच्या टोकाला कानस चालत नाही, त्याला हिऱ्याचे चाक लागते.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. तडा गेलेले पाते वेल्डिंग करून देऊ नये, आणि जुन्या करवतीच्या पत्र्यातून घरगुती पाते बनवून विकू नये. मिनिटाला हजारो फेऱ्या घेणाऱ्या पात्याचा तुकडा सुटला तर तो कोणाच्या तरी पायात किंवा डोळ्यात जातो. गिऱ्हाईक कितीही आग्रह करो, शंभर-दोनशे रुपयांसाठी ही जबाबदारी अंगावर घेण्यासारखी नाही.

पाते बसवणारी नट बहुतेक यंत्रांत उलट्या आट्यांची असते, घड्याळाच्या दिशेने फिरवली की सुटते. नवा कारागीर सवयीप्रमाणे उलट जोर लावतो आणि आटे मोडतो.

जीव आधी

हे यंत्र विळ्यासारखे दिसत नाही म्हणून ते निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात ते खडे, काचा, तारेचे तुकडे गोळीसारखे उडवते. चालू यंत्राच्या १५ मीटर, म्हणजे ५० फूट परिसरात कोणीही असू नये. गुरे आणि मुलेही नको. चालवणाऱ्याला जाळीचा किंवा पारदर्शक मुखवटा, त्याच्या आत चष्मा, कानाला बंद, पायात बूट आणि नडगीला पट्टी हवी. लुंगी नेसून आणि चप्पल घालून काम करणारे आपण रोज पाहतो, त्यांतील एखाद्याची नडगी उघडी पडलेलीही पाहतो.

पाते वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. म्हणून उजवीकडून डावीकडे कापावे. पात्याची पुढची उजवी बाजू खुंटाला किंवा दगडाला लागली की यंत्र उसळून उलट फेकले जाते. घड्याळाच्या तबकडीवर बारा ते तीन ही जागा समजावी, ती खुंटाला लावू नये. पाते अडकले तर आधी यंत्र बंद करावे, मग हात घालावा. खांद्याचा पट्टा एका झटक्यात सुटणारा असावा. विकत घेताना दुकानातच तो सोडून पाहावा. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नये आणि वाळलेल्या गवतावर तापलेले यंत्र टेकवू नये. एका ठिणगीने माळ पेटतो.

तासन्‌तास हादरे बसल्याने बोटे बधिर व पांढरी पडण्याचा विकार होतो. तो एकदा जडला तर सहसा जात नाही. एक टाकी संपली की दहा-पंधरा मिनिटे विश्रांती, हा नियम पाळावा.

भाड्याचा हिशेब

आता रोजीचा प्रश्न. पुढील आकडे नमुन्यादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालून हिशेब मांडावा.

समजा, चांगले चार स्ट्रोक यंत्र ३०,००० रुपयांना आणि मुखवटा, बूट, जादा पाती यांना ५,००० रुपये, असे एकूण ३५,००० रुपये लागले. वर्षात ६० दिवस, रोज पाच तास काम मिळाले, तर ३०० तास झाले. चार वर्षांत १,२०० तास. म्हणजे यंत्राची झीज तासाला २९ रुपये. पेट्रोल तासाला सुमारे ७०० मिलिलिटर धरले, तर लिटरला १०५ रुपये दराने ७३ रुपये. तेल, पाती, किरकोळ दुरुस्ती २५ रुपये. चालवणाऱ्याला दिवसाला ६०० रुपये दिले तर तासाला १२०. एकूण खर्च २४७ रुपये. गिऱ्हाइकाकडून तासाला ३०० घेतले तर ५३ रुपये सुटतात, वर्षाला १५,९०० रुपये. स्वतःच यंत्र चालवले तर चालवणाऱ्याची मजुरीही घरातच राहते.

आता हेच काम वर्षात ६० ऐवजी २० दिवस मिळाले असे धरा. चार वर्षांत ४०० तास होतात आणि झीज तासाला ८८ रुपयांवर जाते. खर्च ३०६ रुपये आणि मिळकत ३००. म्हणजे दर तासाला सहा रुपये पदरचे. यंत्र तेच, माणूस तोच, फक्त कामाचे दिवस कमी. यावरून दिसते की भाड्याच्या धंद्यात यंत्रापेक्षा कामाची यादी आधी हवी. चार वाड्या, दोन शाळा, एक-दोन कारखान्यांची आवारे, एवढ्यांचा शब्द मिळाल्यावरच पैसे गुंतवावेत. उधारीवर आणि व्याजाच्या हप्त्यावर यंत्र घेतले तर वरचे ५३ रुपयेही हप्त्यातच जातात. दोघा-तिघांनी भागीत, लेखी वाटणी ठरवून घेतले तर ओझे हलके होते. ज्याच्या नावावर शेती आहे त्याने कृषी विभागाच्या महाडीबीटी पोर्टलवरील यांत्रिकीकरणाच्या अनुदानाची चौकशी करावी. मात्र पूर्वसंमतीचे पत्र हाती येण्यापूर्वी खरेदी करू नये, नाहीतर अनुदान मिळत नाही.

मागून येणारे हात

या हिशेबात एक रकाना मुद्दाम शेवटी ठेवला आहे. विळ्याने कापणारा मनुष्य कापता कापताच मूठ गोळा करतो आणि पेंढी घालतो. यंत्र फक्त कापते. गवत गोळा करणे, पसरून वाळवणे, पेंढ्या बांधणे, भारे डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणणे ही कामे तशीच राहतात. एका यंत्रामागे दोन-तीन माणसे लागतातच आणि बहुधा त्या बाया असतात. यंत्राने काम झटपट होते म्हणून त्यांची मजुरी कमी करण्याचा मोह होतो. खरे तर यंत्र पुढे धावते तसे त्यांना अधिक भराभर वाकावे लागते.

म्हणून गिऱ्हाइकाशी दर ठरवतानाच विचारावे : नुसते कापायचे, की गोळा करून बांधूनही द्यायचे? दुसरे असेल तर त्या मजुरीचा आकडा वेगळा सांगावा आणि काम संपल्यावर त्याच संध्याकाळी तो हातावर ठेवावा. वजनावर दर ठरला असेल तर काटा सर्वांसमोर लावावा. चालवणाऱ्याचे बूट आणि मुखवटा मालकाने द्यावेत, त्याच्या मजुरीतून कापू नयेत. १९४५ च्या गवतकापणीच्या संपात माणसे ज्यासाठी उभी राहिली, तो दर कापलेल्या गवताच्या वजनाचा होता. आज हातात विळ्याऐवजी यंत्र आले म्हणून चोख माप आणि चोख दाम यांची गरज संपत नाही.

खरेदीला निघताना एवढे लिहून न्यावे : काय कापायचे आहे, वर्षात किती दिवस काम आहे, पाच सुटे भाग कोठे मिळतात, इंधन कोणते चालते, पट्टा चटकन सुटतो का आणि पक्के बिल व हमीपत्र मिळते का. दुकानदाराला यंत्र चालू करून दाखवण्यास सांगावे आणि पाच मिनिटे स्वतः खांद्यावर घेऊन पाहावे. खांद्याला जे पाच मिनिटांत नकोसे वाटते, ते पाच तास चालणार नाही. घाई करू नये. गवत दरवर्षी उगवते, पण गुंतवलेला पैसा परत उगवायला वेळ लागतो.